गोळी चालू आहे, मग चालायचं कशाला?

प्रश्न: वय ५८, टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू आहे, तरी बीपी १५०/७० येतं. डॉक्टर म्हणतात रक्तवाहिन्या कडक झाल्यात, रोज फिरा. गोळी असताना फिरून काय वेगळं होणार?
— एक वाचक, सातारा

उत्तर: वरचा आकडा जास्त आणि खालचा कमी, हा फरक बहुतेकदा वाहिन्यांची लवचिकता गेल्यामुळेच पडतो, त्यामुळे डॉक्टरांचं बरोबर आहे. गोळी वाहिन्या आवळणाऱ्या हार्मोनला अडवते, आणि भरभर चालल्यावर रक्ताचा वेग वाढतो ना, त्याने वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं आणि वाहिनी सैल पडते, म्हणजे दोघांची कामं वेगळी, एक दुसऱ्याला पर्याय नाही.

आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने (मोबाईल बघत रेंगाळणं यात धरू नका!). शेवटची पाच मिनिटं हळू, एकदम थांबलात तर चक्कर येऊ शकते. अटेनोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी मोजून वेग ठरवू नका, ती गोळी नाडीच कमी ठेवते. छातीत दुखलं तर थांबा, लगेच दवाखाना गाठा. बीपी १८० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, चालणं नंतर. आणि दोनेक महिन्यांनी आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःच बंद करू नका, डोस कमी करायचा का ते डॉक्टर बघतील.