दुसरा कुत्रा आणण्याआधी

भाऊ, पहिला एकटा पडतो म्हणून दुसरा आणायचा म्हणतोस. आधी बघ, तो एकटेपणानं भुंकतो की दिवसभर साखळीला असतो म्हणून? पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ केळीच्या मळ्याकडे फिरवून आण. बऱ्याचदा दुसऱ्याची गरजच उरत नाही.

हाक मारल्यावर तो येत नसेल तर थांबच. पिल्लू तुझ्यापेक्षा त्याच्याकडून जास्त शिकतं, उनाडपणासकट. माझ्या एकाला बकऱ्यांमागे धावायची खोड होती. सहा महिन्यांत दोघं धावायला लागले आणि गल्लीभराची बोलणी मी खाल्ली.

पहिला दीड-दोन वर्षांचा झालेला बरा. नर असेल तर मादी आण, पण नसबंदीचं ठरवूनच. गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत अंगणात पिल्लंच पिल्लं.

पहिली भेट घरात नको. दोघांनाही परकी जागा हवी, पट्टे सैल. पिल्लाच्या लसी पुऱ्या झाल्या नसतील तर गावकुत्री फिरतात तिथे नेऊ नको, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शेजाऱ्याची गच्ची चालेल. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, हे डॉक्टर सांगतीलच.

भाकरीची भांडी वेगळी आणि लांब ठेव. जुना गुरगुरला तर मारू नको. तो इशारा देतोय. तोच बंद केलास तर पुढे थेट चावेल.

आणि वैशाखात तर नकोच. आपल्याकडे भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो, सावलीच्या एका तुकड्यावरून दोघं भांडतील. पाऊस पडून गेला की बघू.