मुज़्द असेल तर मजूर, नसेल तर बिगार

प्रश्न : बातम्यांत ‘बालमजूर’, ‘बालकामगार’ आणि ‘वेठबिगार मुले’ हे शब्द एकाच अर्थाने ऐकू येतात. यांत फरक आहे का?

आहे. तो न पाळणाऱ्या निवेदकांना ऐकून कान किटले. ‘बालकामगार’ कागदोपत्रीचा, ‘बालमजूर’ बोलण्यातला. त्यात खोदण्यासारखं फारसं नाही.

मौज ‘मजूर’मध्ये आहे. फारसीत ‘मुज़्द’ म्हणजे मोबदला. तो ज्याला मिळतो तो ‘मुज़्दूर’. त्याचाच आपण मजूर केला. हाच मुज़्द पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत ‘मिझ्द’, ग्रीकमध्ये ‘मिस्थोस’ आणि ऋग्वेदात ‘मीळ्ह’, म्हणजे जिंकलेलं बक्षीस. भाड्याला जर्मन लोक ‘मीटे’ म्हणतात, तेही याच गोतावळ्यातलं. शुद्धिवादी ज्याला परका म्हणून हाकलतात, तो वेदाचा चुलतभाऊ निघाला! त्याच्या जागी ‘श्रमिक’ बसवणाऱ्यांनी शब्दातला पैसाच काढून घेतला. श्रमिकाकडे नुसते श्रम.

‘वेठ’ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, कौटिल्यालाही ती ठाऊक होती. ‘बिगार’ फारसी. दोहोंचा अर्थ एकच, सक्तीचं फुकट काम, कागदपत्रासारखाच जोडशब्द. ‘बे + कार = बिगार’ असं बेधडक सांगणाऱ्या पंडितांनी मला एवढंच समजावावं : मग बेकार आणि बिगारी यांत फरक का? एकाला काम मिळत नाही, दुसऱ्याची कामातून सुटका नाही. (बांधकामावरचा बिगारी आज रोजाने पैसे घेतो, ती वेगळी गंमत.)

कायद्याने मात्र मजूर आणि वेठबिगार यांतली रेघ नीट ओळखली. 1881च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला, सात ते बारा वयाच्यांना नऊ तास राबवण्याची मुभा ठेवली. तिथे प्रश्न फक्त वयाचा नि तासांचा. 1933चा कायदा वेगळा. आईबापांनी उचल घ्यायची आणि पोराने राबून फेडायची, हे करार त्याने पंधरा वर्षांखालच्यांपुरते रद्दबातल केले. सूट कुठल्या कराराला? ज्यात वाजवी मजुरीपलीकडे कसलाही लाभ नाही, मुलाचं नुकसान नाही, आणि जो फार तर आठवड्याच्या सूचनेने मोडता येतो, त्याला. मुज़्द असेल तर मजूर, उचलीत अडकला तर वेठबिगार!

संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात तर इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवला आहे. 1982 साली, दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्याच अनुच्छेदाचा अर्थ आणखी ताणला : किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलं कामही सक्तीचंच. शिवाय बांधकाम हे धोक्याचं काम, तिथे चौदा वर्षांखालचं मूल नकोच. तेव्हा यापुढे ‘मजूर’ म्हणण्याआधी त्या पोराच्या हातात किती पडतात तेही विचारा.