एचपीएलसीत रिटेन्शन टाइम जुळला म्हणजे संयुग तेच का?

एचपीएलसीत, म्हणजे द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्रात, सी-१८ कॉलमवर स्टँडर्डचा (ओळखीच्या शुद्ध संयुगाचा) पीक ज्या मिनिटाला आला (हाच रिटेन्शन टाइम) त्याच मिनिटाला नमुन्याचाही आला, तर रिपोर्टमध्ये 'ओळख पटली' असं लिहायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी लिहिणार नाही. त्याच रनमध्ये वेळ जुळली नसती, तर 'हे ते नव्हे' असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता आलं असतं. जुळली, तर 'असू शकतं' एवढंच.

कॉलममधल्या सिलिकाच्या कणांवर १८ कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या असतात. पाणी आणि ॲसिटोनायट्राइलचं मिश्रण त्यांवरून वाहतं, आणि ज्या रेणूला पाणी कमी मानवतं तो साखळ्यांपाशी रेंगाळून उशिरा बाहेर पडतो. रिटेन्शन टाइममधून हे रेंगाळणं कळतं, रचना कळत नाही. दोन अगदी वेगळे रेणू सारखेच रेंगाळू शकतात.

म्हणून आधी नमुन्यात थोडं स्टँडर्ड मिसळून इंजेक्ट करा. पीकला खांदा (बाजूला उंचवटा) फुटला, तर संयुगं दोन आहेत, प्रश्न तिथेच मिटला. नुसता उंच झाला, तर ॲसिटोनायट्राइलऐवजी मेथॅनॉल घ्या किंवा पीएच बदला, आणि वेळ पुन्हा जुळते का बघा. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी संयुगं पीएच बदलताच चांगलीच सरकतात. (साधा सिलिका कॉलम २ ते ८ पीएचच्या बाहेर नेऊ नका, खराब होतो.)

पीडीए डिटेक्टर (प्रत्येक पीकचं प्रकाश-शोषण अनेक तरंगलांबींवर मोजणारा) असेल तर स्पेक्ट्रम जुळवून बघा, पण त्यावरही फार विसंबू नका. कॅफिन आणि थिओफिलिन दोन्ही २७२-२७३ नॅनोमीटरच्या आसपासच शोषण दाखवतात. आयनांचं वस्तुमान-प्रभार गुणोत्तर (m/z) मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर मात्र ती सहज वेगळी पडतात: कॅफिन m/z १९५ ला, थिओफिलिन १८१ ला.

पण थिओब्रोमिनही १८१ लाच दिसतं! दोघांचं रेणुसूत्र एकच, फक्त एका मिथाइल गटाची जागा वेगळी. इथे कॉलमच कामाला येतो: सी-१८ वर थिओब्रोमिन आधी निघतं, थिओफिलिन नंतर. एमएस-एमएस (आयन फोडून त्याचे तुकडे मोजण्याची सोय) असेल तर तुकड्यांवरूनही फरक कळतो. थिओफिलिनचा मुख्य तुकडा १२४ ला येतो, थिओब्रोमिनचा १३८ ला. वेळ, वस्तुमान आणि तुकडे तिन्ही जुळले, की मी बिनधास्त नाव लिहितो.

एलसी-एमएसवर (कॉलमला मास स्पेक्ट्रोमीटर जोडून) जाणार असाल तर पीएच स्थिर ठेवणारं फॉस्फेट बफर आधी काढा, तो आयन सोर्समध्ये (रेणूंचे आयन बनतात त्या भागात) साचतो. त्याजागी फॉर्मिक आम्ल किंवा अमोनियम फॉर्मेट वापरा. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बदलल्यावर वेळाही बदलतील, तेव्हा स्टँडर्ड नव्याने चालवा, जुन्या क्रोमॅटोग्रामशी तुलना करू नका.