चिऊ म्हणजे नेमका कोणता पक्षी?

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा नातू खिडकीशी येणाऱ्या बुलबुलाला, साळुंकीला आणि शिंजिराला सरसकट ‘चिऊ’ म्हणतो. सूनबाईंच्या मते चिऊ-काऊ शिकवण्यापेक्षा पहिल्यापासून पक्ष्यांची खरी नावे सांगावीत. आपले मत काय?
– एक आजी, सातारा

उत्तर : सूनबाईंचा हेतू चांगला असला, तरी चिऊ आणि काऊ ही नावे खोटी म्हणता येणार नाहीत. चिवचिव आणि कावकाव या आवाजांवरून ती घडली आहेत, आणि ज्या वयात ‘चिमणी’तला ण किंवा ‘कावळ्या’तला ळ जिभेला वळत नाही, त्या वयात मुलाला याच नावांनी पक्ष्याला हाक मारता येते. मोठ्यांच्या या लाडिक बोलीकडे अभ्यासकांचेही लक्ष गेले आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये खास मराठीतील या बोलीवर इंग्रजीत लेख लिहिला होता.

घास भरवताना चिऊची ताई होते आणि पुढे ‘दाणा खा, पाणी पी, भुर्रकन उडून जा’ असे म्हणत आपण तिला निरोप देतो. त्यातला ‘भुर्र’ तर इतका रुळला आहे की, बाळाला फिरायला नेण्यालाही आपण ‘भूर जाणे’च म्हणतो, तेवढ्या एका शब्दावर मूल चपला शोधू लागते.

राहिला प्रश्न साळुंकीचा. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे, ही गोष्ट आपण नातवाला सांगितलीच असेल. तेराव्या शतकातील लीळाचरित्रातही ती येते, पण तिथे मेणाच्या घरात चिमणी नसून साळै, म्हणजे साळुंकी, राहते. तेव्हा साळुंकीला चिऊ म्हटल्याबद्दल नातवाला फार दोष देऊ नये.

प्रत्येक लहान पक्षी काही काळ चिऊ असणे या वयाला धरूनच आहे. त्याला ‘चूक’ म्हणून थांबवण्याऐवजी ‘हो, चिऊसारखाच आहे, पण डोक्यावर तुरा बघ, हा बुलबुल’ असे म्हणावे. साळुंकीच्या डोळ्यामागचा पिवळा पट्टाही मुलांना चटकन दिसतो. शिंजीर मात्र क्षणभर एका जागी टिकत नाही, त्यामुळे त्याचे नाव थोडे उशिरा सांगितले तरी चालेल.