लिव्हर सिरोसिस असताना क्रिएटिनिन का वाढतं?

वडिलांचं क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) आठवड्यात 0.8 वरून 1.2 झालं, पण लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्येच बसतंय, असं तुम्ही लिहिलंय. त्या नॉर्मलवर विसंबू नका. सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं. 48 तासांत 0.3 ची वाढसुद्धा डॉक्टर गांभीर्याने घेतात.

बऱ्याचदा किडनी स्वतः खराब नसते. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिकडेच राहतं आणि किडनीला कमी पडतं. त्यात पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, रक्ताची उलटी, लघवीच्या गोळ्या जास्त होणं किंवा लॅक्ट्युलोजने (पोट साफ ठेवायच्या औषधाने) फार जुलाब होणं, यांतलं एक जरी घडलं तरी किडनी झटकन कोलमडते. पोटातलं पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर काढलेल्या लिटरमागे साधारण 8 ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, शिरेतून) देतात. महाग आहे, तरी टाळू नका.

अंगदुखीसाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणणं आजपासून बंद. डॉक्टरांना हा रिपोर्ट आजच दाखवा. लघवी कमी झाली, ताप आला किंवा गुंगी वाटली तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता थेट मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायरच्या कॅज्युअल्टीत न्या; रात्रीसुद्धा.