आधी अहो-जाहो, मग ईमेल

सर, पोरांना इंग्रजीतलं फॉर्मल-इनफॉर्मल लेखन कसं शिकवावं, असं विचारलंत. फॉर्मल-इनफॉर्मलचा तक्ता फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. पोरांनी तक्ता वहीत उतरवला आणि टीसीसाठी ईमेल लिहायला सांगितला तर एकानं लिहिलं, ‘हाय सर, आय वॉन्ट टीसी अर्जंट.’

त्यापेक्षा त्यांना विचारा, मित्राला ‘काय करायलास रे?’ म्हणता, मग हेडसरांना काय म्हणता? परभणी-लातूरकडच्या पोराला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. अडचण अशी, की इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. तिथं आदर क्रियापदात दिसत नाही, वाक्याच्या घडणीत दिसतो. ‘आय वॉन्ट’च्या जागी ‘आय वुड लाइक’, ‘सेंड मी’च्या जागी ‘कुड यू प्लीज सेंड’, ‘काण्ट’च्या जागी ‘कॅनॉट’. या तीन जोड्यांवर एक अख्खा तास घाला.

ईमेलच्या शेवटी, सहीच्या आधी काय लिहायचं, तो नियम दोन मिनिटांत होतो. ब्रिटिश पद्धतीत ‘डिअर सर’ असेल तर ‘युवर्स फेथफुली’, नावानं सुरुवात असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’.

दुसऱ्या टोकालाही लक्ष ठेवा. काही पोरं मित्राच्या वाढदिवसालाही ‘रिस्पेक्टेड फ्रेंड’ लिहितात. ‘काइंडली डू द नीडफुल’ तर आपल्या कचेऱ्यांनीच त्यांच्या तोंडात बसवलंय. परदेशी वाचणाऱ्याला ते जुनाट वाटतं. नक्की काय हवंय तेच लिहायला सांगा.

आणि हो, विषयाची ओळ रिकामी असेल तर मी वही न तपासताच परत देतो.