एका वेळी एकच शुभवर्तमान
उपवासकाळ आणि पुनरुत्थानदिनाच्या शास्त्रपाठांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम सलाम. घरगुती प्रार्थनासभेत, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीच्या पाठावर मला दहा मिनिटं मनन सांगायचं आहे. पाठ फार लांब आहे. अर्धाच वाचला तर चालेल का?
– एक भगिनी, कसबा बावडा

उत्तर : पाठ तोडू नका, हवं तर मनन आखूड करा. योहानाच्या शुभवर्तमानातली ४:५–४२ (चौथा अध्याय, वचनं ५ ते ४२) ही ३८ वचनं सावकाश वाचली तरी सहा-सात मिनिटांत होतात. निवेदक, येशू, स्त्री आणि शिष्य-गावकरी असे चार आवाज करा. वाटणी मात्र आदल्या दिवशीच झाली पाहिजे. ऐनवेळी पुस्तक हातात दिलं की वाचणारा आपलं वाक्य शोधत बसतो आणि ऐकणारे कंटाळतात.

तयारीसाठी पाठ तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वस्तूंखाली रेघ मारत: विहीर, पोहरा, घागर, शेतं. तिसऱ्यांदा एकच जागा पक्की करा. जिवंत पाणी, खरी उपासना आणि कापणीला आलेली शेतं हे सगळं दहा मिनिटांत उरकायला गेलात, तर कुणाच्याच हाती काही लागत नाही. आमची पसंती अकराव्या वचनाला आहे. बाई म्हणते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. नाब्लुसजवळ याकोबाची म्हणून दाखवतात ती विहीर आजही शंभर फुटांहून खोल आहे. दोर-पोहऱ्याशिवाय तिथं पाणी निघणार नाही. म्हणजे ती हुज्जत घालत नाही, व्यवहाराचं बोलते. पाणी देऊ म्हणणारा येशूच रिकाम्या हाताने बसलाय आणि तिच्याकडे मागतोय. मनन इथून सुरू करा आणि २८व्या वचनात ती घागर टाकून गावात जाते तिथं थांबा.

एक चूक हमखास होते. तिला पाच नवरे झाले होते असं वाचलं की वक्ता तिला पापिणी ठरवतो आणि ‘यापुढे पाप करू नको’ हे वाक्य जोडून देतो. ते वाक्य योहान ८:११ मधलं, दुसऱ्याच स्त्रीला सांगितलेलं. आताचा पुरुष तिचा नवरा नाही, एवढं येशू बोलतो. पण चौथ्या अध्यायात तो तिला ना दोष देतो, ना क्षमेचं काही बोलतो. पाचांतले काही मेले असतील, काहींनी सूटपत्र (घटस्फोटाचा कागद) दिलं असेल, आणि अनुवाद २४:१ प्रमाणे ते देणं पुरुषाच्या हातात होतं. जे लिहिलेलं नाही ते आपण कशाला भरावं?

जाता जाता: रविवारच्या शास्त्रपाठांचं ‘अ’, ‘ब’, ‘क’ असं तीन वर्षांचं वेळापत्रक असतं, त्यात हा पाठ ‘अ’ वर्षात, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी येतो. सालाला तीनने पूर्ण भाग गेला की ‘क’ वर्ष, त्याच्या पुढचं ‘अ’. त्यामुळे २०२६ ‘अ’ आहे. २०२७ ‘ब’, तेव्हा त्याच रविवारी योहान २ मधलं मंदिराचं शुद्धीकरण येईल.

प्रश्न : उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) १२ ते ३ येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते. दरवर्षी सातव्या वक्त्याला पाचच मिनिटं उरतात. काय करावं?
– तरुण संघाचा कार्यकर्ता, गडहिंग्लज

उत्तर : हिशेब आधी कागदावर मांडा. एका उद्गाराला वाचन २, संदेश १२, गीत ५, प्रार्थना व शांतता ४ अशी २३ मिनिटं. सातांची १६१. उरलेल्या १९ मिनिटांत सुरुवात, अर्पण आणि समाप्ती बसवा.

पण खरी गळती घड्याळात नाही. पहिला वक्ता येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेपासून सुरू होतो, दुसरा रोमी सुभेदार पिलातापासून, आणि चौथ्याची पाळी येईपर्यंत कबरसुद्धा बंद झालेली असते. म्हणून प्रत्येकाला वचन लेखी द्या. पहिला, दुसरा आणि सातवा उद्गार लूकचे: २३:३४, २३:४३, २३:४६. तिसरा, पाचवा आणि सहावा योहानाचे: १९:२६–२७, १९:२८, १९:३०. चौथा मत्तय २७:४६ किंवा मार्क १५:३४. ज्याच्या वाट्याला जे शुभवर्तमान, त्याने त्याच्याच वधस्तंभाजवळ उभं राहायचं. लूकवर बोलणाऱ्याने येशूच्या कुशीत मारलेला भाला आणू नये. भाला योहानाचा आहे.

चौथ्या उद्गाराच्या वक्त्याने स्तोत्र २२ पूर्ण वाचून यावं, कारण येशूच्या तोंडी त्याची पहिली ओळ आहे. पाचव्याला (‘मला तहान लागली आहे’) वेगळी सूचना: पेयं दोन आहेत. वधस्तंभावर खिळण्याआधी बोळ (कडू सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही (मार्क १५:२३). शेवटी दिलेली आंब (आंबट द्राक्षारस) त्याने घेतली (योहान १९:३०). दोन्ही एक केली की ‘त्याने नाकारलं’ असा चुकीचा उपदेश होतो. शिवाय आंबेचा स्पंज ज्यावर लावला ती काडी एजोबाची (एका झुडपाची) होती असं योहान मुद्दाम सांगतो, आणि निर्गम १२:२२ मध्ये वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या सणाचं) रक्त दारांना एजोबानेच लावलं होतं. बारा मिनिटांना एवढं पुरेल.

आणि मागच्या बाकांजवळ माठ भरून ठेवा. दुपारच्या उकाड्यात निर्जळी उपवास करून आलेल्या वयस्कर मंडळींना दोननंतर घेरी येते.

प्रश्न : मुलं विचारतात, येशूच्या रिकाम्या कबरेजवळ देवदूत किती? स्त्रिया किती? काय सांगू?
– संडे स्कूल शिक्षिका, नागाळा पार्क

उत्तर : फळ्यावर चार रकाने आखा आणि मुलांनाच भरू द्या. मत्तय: दोन मरीया, धोंडेवर बसलेला एक दूत. मार्क: तीन स्त्रिया, आत उजवीकडे बसलेला पांढऱ्या झग्यातला एक तरुण. लूक: मग्दालीया मरीया, योहान्ना, याकोबाची आई मरीया ‘आणि इतर’, पुरुष दोन. योहान: एकटी मग्दालीया मरीया, दूत दोन. मात्र २०:२ मध्ये ती ‘आम्हांला ठाऊक नाही’ म्हणते, हे चुणचुणीत मूल शोधून काढतंच.

चारही ठिकाणी काय सारखं आहे ते मग विचारा. आठवड्याचा पहिला दिवस, मग्दालीया मरीया, सरकवलेली धोंड. नाटिका बसवायची तर एकच रकाना घ्या. आणि मग्दालीयेला वेश्येचा पोशाख नको. लूक ७ मधली पापी स्त्री निनावी आहे. दोघींना एक करण्याची प्रथा पोप ग्रेगरी पहिले यांच्या ५९१ च्या प्रवचनानंतर पश्चिमेत रुळली.

प्रश्न : येशूला शुक्रवारी पुरलं, रविवारी पहाटे तो उठला. तीन दिवस कसे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : यहूदी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि दिवसाचा तुकडाही पूर्ण धरतात: शुक्रवार, शनिवार, रविवार. आपणही रविवारी ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो ते पुढच्या रविवारीच. योहान २०:२६ मध्ये थोमा या शिष्यासाठी येशू ‘आठ दिवसांनी’ येतो, तो असाच.

प्रश्न : चाळीस दिवस मटण सोडलंय. रविवारी तांबडा रस्सा चालतो का?
– एक बंधू, इचलकरंजी

उत्तर : हिशेबाने चालतो. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. सहा रविवार वगळले की ४०. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून उपवासात धरत नाहीत. पण राखेच्या बुधवारचा पाठ (मत्तय ६) काय खाल्लं हे विचारतच नाही. डोक्याला तेल लाव, तोंड धू, कुणाला कळू देऊ नको, असं सांगतो. तेव्हा उपवासाचं स्टेटस ठेवू नका. वाचलेले मटणाचे पैसे दर आठवड्याला पाकिटात बाजूला काढा आणि ईस्टरला नाव न घालता गरजू घरी पोचते करा.